उलटे आटे

कुंकळ्ळीत आमच्या चरकावर
पाळण्याचे खांब उतरले, पाटांचे पाय,
भोवरे, लाटणी, नवरीच्या कुंकवाच्या डब्या.
लाकूड फिरतं, लाख तापते,
रंग वितळून अंगाला चिकटतो,
शेवटी केवड्याचं पान दाबून धरायचं, की चकाकी.
घराण्याचं कसब एवढंच.

सुयांची नळी मात्र मी एकाच माणसासाठी कातली.

चिंचोण्याच्या एर्मेलिंदबाई
छत्रीच्या टोकाने दार ठोठावत आल्या,
आणि भुशाने भरलेल्या माझ्या बाकावर
रुमालाची गाठ सोडली.

बगळ्याची कातरी. चोच मिटली की दोरा तुटे.
चांदीचं अंगुस्तान, अंगभर देवीचे व्रण असावेत तसं,
त्यातल्या एका व्रणाला आरपार भोक:
"इथून सुई हाडापर्यंत गेली होती, मेस्त."
मेणाची वडी, दोरे ओढून ओढून चिरलेली,
विहिरीचा काठ दोराने चिरतो तशी.
आणि हस्तिदंती नळी, उभी तडकलेली.
"हीच हवी. पण लाखेची. पिवळी."

मी हसलो. बोटाएवढं तर लाकूड.
तीन फुकट गेल्या.
चौथीला आटे धरले.
झाकण फिरवलं तेव्हा आत सुया
जराशा सरकल्या, देवळात बायका सरकून जागा देतात तशा.

मग दरवर्षी फेस्ताच्या आधी त्या यायच्या.
कधी रिंग, कधी रिळाची दांडी,
कधी टाचण्यांच्या उशीला बैठक.
रिंग घेतली की डोळ्यांनी बघत नसत.
रेशमाचा एक सुटा धागा कडेवरून फिरवत,
अडला, तर रिंग परत.
"रेशमाला विचारा, मेस्त. ते खोटं बोलत नाही."
माझ्या बापानेही माझं काम
इतकं कधी तपासलं नव्हतं.

यंदा शिगमो सरला आणि त्यांचा उजवा हात गेला.
म्हणजे आहे.
मांडीवर बसून असतो, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.
भाचा साव्हियो बिस्किटांचा डबा घेऊन आला:
"काकी म्हणते, कुणाला उपयोगी पडलं तर द्या."

चार दिवस डबा बाकाखाली.
पाचव्या रात्री उघडला, आणि डावा हात तेवढा बाहेर ठेवून
उजवा कमरेच्या कडदोऱ्यात खोचून बसलो.

नळी उघडेना: धरणार कोण, फिरवणार कोण?
रिंग हातातून घरंगळली.
कातरीने कापड कापलं नाही, चघळलं.
सुई ओवायचं तर सोडाच.
इतकी वर्षं हत्यारं करतोय,
प्रत्येक हत्याराला दोन हात लागतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

फणसाच्या लाकडाचा खांब घेतला,
खाली टेबलाला चावणारा शिकंजा, वर रिंग.
डावा हात आपसूक ज्या बाजूला वळतो
त्या बाजूला आवळावेत, म्हणून आटे उलटे पाडले.
आजोबांनी बघितलं असतं तर कानाखाली वाजवली असती.
बुडाशी खोबण, तिच्यात पिवळी नळी घट्ट उभी.
शेजारी मेणाची वडी:
सुई तिच्यात रोवायची, नेढं वर,
की धागा एकटाच येऊन जातो.
कातरीचं लोहाराला विचारलं. म्हणाला,
"बगळा उलटा उडत नाही."
बाई म्हणाल्या, दात आहेत अजून.

चिंचोण्याला नेऊन खिडकीपाशी बसवलं.
पहिला टाका वाकडा, दुसरा त्याहून.
तिसऱ्याला त्या थांबल्या.
सुईतला धागा हळूच काढून घेतला,
डाव्या हाताने रिंगच्या कडेवरून फिरवू लागल्या,
साव्हियो म्हणाला, काकी, राहू दे ना आता.

खिडकीकडच्या बाजूला धागा अडला.

"इथे," म्हणाल्या.

शिकंजा सोडवला, रिंग पिशवीत टाकली,
आणि साडेचारची बस पकडली.
परसात केवड्याचं एक कोवळं पान
सकाळीच हेरून ठेवलं होतं.